भूपालदादांचा निकाल

"हे कानात घाल," राजशेखरअण्णा म्हणाले, "आणि सांग मला, माणूस विकला गेलाय का न्हाई."

शाळा नुकतीच सुटली होती. मी चित्रकलेच्या खोलीला कुलूप घालत होते आणि अण्णा व्हरांड्यात चांदीच्या रंगाचे इयरफोन तळहातावर धरून उभे होते. सुताचा व्यापार करणारा हा माणूस एरवी दुकानाची पायरी उतरत नाही. तो शाळेपर्यंत चालत आला म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

मी वायर कानांवरून मागे घेतली, रबरी टोकं नीट आत बसवली. अण्णांनी फोनवर भजनाचं ते नेहमीचं रेकॉर्डिंग लावलं. झांज सुरू झाली आणि माझी दाढ ठणकली म्हणा ना. गाणाऱ्या बाईंचा प्रत्येक 'स' आणि 'श' टाचणीसारखा टोचत होता. पहिलं कडवं संपायच्या आत मी सेट काढून अण्णांच्या हातात दिला.

"हा भूपालदादांनी पास केला?"

"नुसता पास? 'ह्या वर्षातला सगळ्यात मोकळा आवाज' म्हणून लिहिलंय. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी माझ्यामार्फत मागवला. आता सगळे माझ्या नावानं शंख करतात."

"तुमचा तुकडा खराब आला असेल."

"माझा न्हवंच ह्यो. त्यांचाच हाय, मागून आणलाय."

आता हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण सात वर्षांपूर्वी इचलकरंजीत आमचा एक कंपू होता. कानाच्या आत बसणारे वायरवाले इयरफोन, स्टेजवरचे गायक घालतात त्या जातीचे पण स्वस्तातले, कुठून कुठून मागवायचे, एकमेकांना ऐकवायचे आणि त्यावरून भांडायचं, हा आमचा उद्योग. जग बिनवायरचे घेऊन मोकळं झालं होतं आणि आम्ही गुंते सोडवत बसायचो. घरच्यांच्या लेखी आम्ही वाया गेलेलो होतो. मात्र कंपूची एक रीत होती. नवा सेट आला की तो आधी भूपाल मगदुमांच्या कानात जाणार. ते आठवडाभर ऐकणार आणि मग ग्रुपवर एक वाक्य लिहिणार. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. ते वाक्य म्हणजे निकाल. त्यावर घ्यायचं किंवा सोडायचं. सगळे सेट एकाच भजनावर तपासायचे, हेही त्यांनीच घालून दिलेलं.

भूपालदादा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. दिवसभर त्या खडखडाटात उभे. पण संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की त्या माणसाचे कान म्हणजे कान! "ह्यात तबल्याची शाई ऐकू येते," असं त्यांनी एकदा लिहिलं आणि तो सेट घातल्यावर मला खरोखर शाईवर पडलेलं बोट ऐकू आलं. दुसऱ्या एकाबद्दल लिहिलं, "गाणारा उंबऱ्याबाहेर उभा राहून गातोय." तो कुणी घेतला नाही. मला ऐकायला त्यांनीच शिकवलं. स्वतःचा जुना चॉकलेटी सेट माझ्या कानात घालून म्हणायचे, "त्रिशला, आधी झांज कुठं हाय ती शोध. ती सापडली की बाकीचं आपोआप जागेवर बसतंय." धाकट्या बहिणीसारखं वागवलं त्यांनी मला. त्यामुळे अण्णांचा शब्द मला झोंबला.

"दादा विकले जाणाऱ्यातले नाहीत," मी म्हणाले.

"मग मागले तीन निकाल काढून बघ. तिन्ही सेट असेच किरकिरे. तिन्ही एकाच विकणाऱ्याचे. फुकटचा माल येत असणार घरी. रविवारी सगळ्यांसमोर विषय काढणार हाय मी. असा माणूस ग्रुपमध्ये नको म्हणजे नको."

"मला आधी त्यांच्याशी बोलू द्या."

"बोल की. पण बोलताना बघ, डोळ्याला डोळा देत न्हाईत आजकाल. तुझ्या ध्यानात आलं न्हाई?"

आलं होतं, तेच तर वाईट होतं. गेल्या काही महिन्यांत दादा बोलताना नजर माझ्या हनुवटीपाशी कुठंतरी ठेवायचे. फोन उचलायचे नाहीत, "लिहून पाठव" एवढाच निरोप यायचा. पूर्वी एखादा सेट आवडला की हातातलं काम टाकून फोन करणारा माणूस! मी म्हटलं होतं, वयाबरोबर माणूस अबोल होतो. अण्णांनी बोट ठेवल्यावर मात्र तेच सगळं नव्यानं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर त्यांच्या घरी गेले. पद्मावतीवहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. एरवी "ये गं" हे शब्द आधी यायचे आणि मी मागून. त्या दिवशी वहिनींचा चेहरा उतरलेला. त्यांनी आत बघून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, तशा पदर झटकून स्वतःच उठून आत गेल्या.

माझी नजर कपाटावर गेली. तिथं इयरफोनच्या डब्यांची चळत होती, अगदी तुळईपर्यंत. ग्रुपवर ज्यांचं नावही कधी निघालं नव्हतं अशा सेटांचे डबे. एवढे सेट आणि आम्हाला पत्ता नाही?

दादा बाहेर आले, पण बसले नाहीत.

"एवढे सेट कुठून आले, दादा?" मी सरळच विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कपाटाकडे. "मागवलेत."

"सगळे? कशाला?"

"एक तरी नीट वाजतोय का बघालोय. कंपन्या चोर झाल्यात सगळ्या." मग एकदम त्यांचा सूर बदलला. "तू ते सोड. माझा चॉकलेटी सेट कवा देणार हाईस?"

मला काही उमजेना. तो सेट मी दिवाळीच्या सुट्टीत नेला होता आणि सुट्टी संपल्यावर वहिनींच्या हातात आणून दिला होता.

"तो दिला की मी. वहिनींना विचारा."

"दिलास ते काय दिलास, मला कळत न्हाई व्हय? तसाच दिसणारा कुठनं तरी पैदा केलास आणि आणून दिलास. माझा न्हवं त्यो. माझ्या सेटात झांज कशी वाजायची, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत. ह्यात झांज मेलीय. पत्र्यावर फडकं आपटल्यागत वाजतीय."

"दादा, मी तुमचा सेट बदलेन?"

"मलाबी खरं वाटंना. म्हणून तर गप बसलो इतके दिवस."

वहिनी मध्ये पडल्या. "अवो, पोरगी तसलं करंल व्हय? काय बोलताय तुम्ही?" दादांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आत गेले, चॉकलेटी सेट आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो घेऊन जा. माझा आण, मग घरात ये."

रस्त्यावर आल्यावर आधी रडू आलं आणि मग संताप. चोर ठरवलं मला! ज्या घरात मी हक्कानं चहा करून प्यायले, त्या घराचं दार मला बंद झालं होतं, तेही एका सेटापायी. घरी पोचल्या पोचल्या मी तो कानात घातला आणि भजन लावलं. झांज स्वच्छ होती, तजेलदार होती, जिथं असायची तिथंच होती. सेट ठणठणीत होता. म्हणजे दादा धडधडीत खोटं बोलत होते. मी कशासाठी आलेय हे ओळखून त्यांनी आधीच माझ्यावर उलटवलं, असं माझ्या मनानं घेतलं. मी अण्णांना फोन लावून झालेलं सगळं सांगितलं.

"रविवारी मी येते," मी म्हणाले. "आणि मी गप्प बसणार नाही."

अण्णांच्या दुकानाच्या माडीवर एक खोली आहे. तिच्या दोन भिंतींना सुताची पोती छतापर्यंत रचलेली, त्यामुळे बाहेरच्या गाड्यांचा आवाज आत येत नाही. आमच्या बैठका तिथंच व्हायच्या. बाकीची मंडळी संध्याकाळी येणार होती. अण्णांनी दादांना आणि मला दुपारीच बोलावलं होतं.

दादा आले आणि मला बघून दारातच थांबले. "आणलास माझा?"

मी चॉकलेटी सेट टेबलावर ठेवला. "हाच तुमचा आहे, दादा."

"हे बघ भूपाल," अण्णा म्हणाले, "आडपडदा नको. मी म्हणतोय तू फुकटच्या मालावर विकला गेलास. तू म्हणतोस हिनं सेट लांबवला. लोक यायच्या आधी दोन्हीचा फैसला करू. तुझे डोळे बांधतो. सेट आम्ही घालणार. नाव न कळता निकाल द्यायचा."

त्यावर दादा हसले. कितीतरी दिवसांनी मी ते हसू बघत होते. "बांध की मर्दा. डोळ्यानं कोण ऐकतंय?"

अण्णांनी टॉवेलाची घडी करून त्यांच्या डोळ्यांवर आवळून बांधली.

"पहिला घालतोय," अण्णा म्हणाले.

"काय?"

"पहिला घालतोय म्हटलं."

"मोठ्यानं बोल की. का तोंडात पान हाय?"

अण्णांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघ, नाटक कसं चाललंय, असा त्याचा अर्थ. मलाही तसंच वाटलं.

मी एकेक सेट त्यांच्या कानात बसवत गेले. पहिल्या दोहोंना त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन्ही चांगले सेट होते, आम्हा सगळ्यांच्या आवडीचे. "खिडक्या लावून घेतल्यागत," ते म्हणाले. तिसरा चांदीचा. तो बसवून भजन लावलं तसा त्यांचा चेहरा उजळला. "ह्यो! ह्यो मोकळा." अण्णांनी क्रम बदलून पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. माझ्या कानात कळ उठवणारा तो सेट हा माणूस तोंडभर हसून ऐकत होता.

"ह्याला काय अर्थ न्हाई," अण्णा पुटपुटले. "धातूचा हाय त्यो. कानाला गार लागतोय. लागला की वळखतोय."

ते खरंच होतं. मग अण्णांनी दुसरी युक्ती काढली. सेट एकच ठेवायचा, चॉकलेटी. फोनमध्ये आवाजाच्या पट्ट्या वरखाली करता येतात. त्यातली सगळ्यात वरची, म्हणजे झांज, घुंगरू, 'स' आणि 'श' जिच्यावर असतात ती, मी पाडायची आणि चढवायची. बदल झाला की दादांनी सांगायचं. "आणि एक बाजू त्याच्या कानात, एक तुझ्या कानात," अण्णा मला म्हणाले. "दोघं एकच ऐका. म्हणजे खोटं बोलायला कुणालाच जागा नको."

मी खुर्ची ओढून दादांच्या अगदी शेजारी बसले. डावी बाजू त्यांच्या कानात, उजवी माझ्या. भजन सुरू झालं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, बदललं की बोला. त्यांनी मान डोलावली.

मी वरची पट्टी तळाला नेली. माझ्या कानातली झांज विझली. गाणाऱ्या बाई जणू गोधडीत तोंड खुपसून गायला लागल्या. दादा शांत बसून होते.

मी पट्टी एकदम टोकाला चढवली. झांज कानात शिरली, माझे खांदे आक्रसले. दादा तसेच.

पुन्हा खाली आणली. पुन्हा वर नेली.

"कर की सुरू," दादा म्हणाले. "नुसती बसून का ऱ्हायलीस?"

माझा हात फोनवरच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं. टॉवेलाखाली ते मंद हसत होते, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखे. त्यात नाटक नव्हतं. नाटक करणारा माणूस निदान एकदा तरी अंदाजानं "बदललं" म्हणाला असता.

मागाच्या शेडमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठ वाचून बोलतात, ती तिथली रीतच आहे, आणि दादा तिथं उभं आयुष्य काढलेले. ते माझ्या हनुवटीकडे का बघायचे, फोन का उचलत नव्हते, वहिनींच्या हाकेला ओ का आली नाही, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या एका दमात कळलं. तो खडखडाट त्यांचे वरचे आवाज हळूहळू खाऊन गेला होता. म्हणून चांगले सेट त्यांना खिडक्या लावल्यासारखे वाटत होते आणि जो आमचे कान फाडायचा तोच तेवढा मोकळा. कपाटावरचे ते डबे कुणी फुकट दिलेले नव्हते. हरवलेली झांज शोधत ते एकामागून एक सेट मागवत सुटले होते.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

मी माझ्या कानातली बाजू काढून अण्णांच्या कानात घातली आणि पट्टी खालीवर केली. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी दादांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसले.

"बघितलास, राजा?" दादा मोठ्यानं म्हणाले. "काय बदलतंय का त्यात? मेलाय त्यो. हिनं बदललाय सेट, मी सांगत न्हवतो?"

अण्णा माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलायला लागले. हळू बोलायचीही गरज नव्हती. दादा हातभर अंतरावर बसून होते आणि त्यांना त्यातलं काहीच पोचत नव्हतं. "त्रिशला, सेट नकली हाय असं म्हण. तू बदलला न्हाईस, दुरुस्तीला दिलास तिथं बदलला गेला म्हणून सांगू. लोकांचं मी बघतो. पण ह्याला हे सांगू नको. ह्या माणसाजवळ कानाशिवाय दुसरं काय हाय?"

हे कालपर्यंत त्यांना ग्रुपमधून हाकलायला निघालेले अण्णा बोलत होते. आणि खरं सांगते, मी "हो" म्हणणार होते. चोर म्हणून नाव लागलं असतं ते लागलं असतं. पण सोमवारी सकाळी दादा पुन्हा त्याच शेडमध्ये जाऊन उभे राहणार होते, उघड्या कानांनी, उरलंसुरलं घालवायला. ते मला सहन होईना.

"कोण बोलंना का?" दादा म्हणाले. त्यांचं हसू आता कमी झालं होतं. त्यांनी हात पुढे करून चाचपलं. "त्रिशला? हाईस न्हवं?"

मी अण्णांच्या कानातली बाजू काढून पुन्हा माझ्या कानात घातली आणि दादांचा हात धरला.

त्यांनी कानातली बाजू बोटानं आणखी आत दाबून बघितली. मग विचारलं, "तुझ्या कानात बदलालंय?"

"हो," मी म्हणाले.

"काय?"

मी त्यांचा हात दाबला.

"परत कर."

मी पट्टी खाली आणली आणि हात दाबला. वर नेली आणि हात दाबला. त्यांनी मान खाली घालून, सगळा जीव त्या डाव्या कानात आणून ऐकलं. पुन्हा करायला सांगितलं. मी केलं. मग त्यांनी बाजू बदलून घेतल्या, उजवी स्वतःच्या कानात घातली, डावी मला दिली, आणि पुन्हा करायला सांगितलं. मी पुन्हा केलं, पुन्हा हात दाबला. त्यांचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

"म्हणजे सेट माझाच हाय," ते म्हणाले.

मी हात दाबला.

"बरं झालं," दादा म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. "तू चोर न्हाईस. लई बरं झालं."

मला हुंदका आवरेना. त्यांना तो ऐकू गेला नाही, याचं त्या क्षणी मला बरंच वाटलं. अण्णा उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली, मंडळी यायला लागली होती. अण्णा लगबगीनं बाहेर गेले आणि दार ओढून घेत कुणाला तरी म्हणाले, "आज बैठक न्हाई. भूपालच्या नावानं कुणी एक शब्द काढायचा न्हाई. जावा घरी."

दादांनी टॉवेल सोडला नव्हता. सोडायला त्यांचा हातही गेला नाही. त्यांनी हात उताणा करून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"पहिल्यापासनं लाव," ते म्हणाले. "झांज आली की टिचकी मार."

मी भजन पुन्हा सुरुवातीला नेलं. पहिली झांज आली, मी त्यांच्या तळहातावर टिचकी मारली. दुसरी आली, मारली. बाई गात होत्या, दादांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते आणि मी टिचक्या मारत होते. दुसऱ्या कडव्यात माझे डोळे इतके भरले की मी पदरानं पुसायला हात उचलला, आणि तेवढ्यात एक झांज निघून गेली.

"एक चुकलीस," भूपालदादा म्हणाले.